तुमचं नाव कोणी ठेवलं आणि त्याचा अर्थ काय?

माझं नाव गोदावरी. फोनवर सांगितलं की समोरचा एकदम 'हो आजी' म्हणून बोलायला लागतो. मी बेचाळीस वर्षांची आहे.

पुस्तकातला अर्थ सोपा. संस्कृतात 'गो' म्हणजे गाय आणि पाणीसुद्धा; ते देणारी ती गोदा. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी नदी. पण माझं नाव नदीवरून नाही, आजीवरून आलंय.

आजीचं माहेर नाशिकचं, पंचवटीत. लग्न होऊन ती बडोद्याला दांडिया बाजारात आली, तर चुलतसासूचं नावही गोदावरीच! थोरल्या बाईच्या नावाने सुनेला हाका कशा मारायच्या? मग आजोबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'इंदिरा' लिहिलं. पणजोबा कोठीत, म्हणजे बडोदा संस्थानच्या कचेरीत, कारकून, त्यामुळे आमच्याकडे इंदिरा म्हणजे सयाजीरावांची लेक इंदिराराजे. पंतप्रधान इंदिरा अजून व्हायच्या होत्या.

तसं बडोद्यात नाव बदलण्याचं कुणाला काही वाटत नसावं. खुद्द महाराज नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ मध्ये जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि सयाजीराव झाले. त्यांची पहिली राणी तंजावरच्या मोहित्यांची लक्ष्मीबाई. ती गेल्यावर आली देवासच्या घाटग्यांची गजराबाई. सासरी दोघीही चिमणाबाई! रावपुऱ्यातला टॉवर कुठल्या चिमणाबाईंचा, असं पाहुणे विचारतात. पहिल्या. १८९६ चा आहे.

आजीचं जुनं नाव उरलं ते फक्त रुखवतातल्या एका पितळी डब्यावर: 'चि. सौ. कां. गोदावरी हीस मामांकडून'. टिंबाटिंबांनी ठोकून घातलेली अक्षरं, 'कां'वरचा अनुस्वार जरा जास्तच जोरात बसलेला. बाकी रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सगळीकडे इंदिरा.

माझ्या बारशाला आईने 'श्वेता' ठरवलं होतं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं, आत्या पाळण्यात वाकली आणि कुर्रर्र करून म्हणाली, 'गोदावरी'. घुगऱ्या वाटायच्या आत भांडण! आजीने आत्याला आधीच पढवून ठेवलं होतं. चुलतसासू तोवर वारल्या होत्या, म्हणजे आता अडचण कुणाला होती? आई बरेच दिवस श्वेता, श्वेता करत राहिली. जन्मदाखल्यावर बाबांनी गुपचूप गोदावरी लिहून टाकलं.

भोगलं मी. शाळा गुजराती, तिथे पोरं 'गोदडी' म्हणायची. (आपल्याकडची गोधडी तीच.) ऑफिसात आता गोदाबेन आहे, ते चालतं.

आजी मात्र 'गोदे!' अशी हाक मारायची की खालचा पानवाला वर बघायचा. मी शेजारीच बसलेली असले तरी तितक्याच जोरात. आई म्हणायची, 'अहो आई, ती काय बहिरी आहे?' आजी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मराठी वाचायला मी त्या डब्यावर बोट फिरवत शिकले. शाळेतल्या अक्षरांना डोक्यावर रेघ नसायची, इथे होती. आणि आपलं नाव आहे म्हणजे डबा आपलाच, अशी माझी पक्की समजूत. आजी गेल्यावर भांड्यांची वाटणी झाली तेव्हा तो कुणाकडे जायचा यावर कुणी अक्षरही बोललं नाही. सध्या त्यात हरभऱ्याची डाळ आहे.