वाचकांचे प्रश्न : कूलरच्या घरघरीखाली गेलेल्या मुलाखती

प्रश्न : चित्रपट-संकलनावर ४० मिनिटांचा माहितीपट करतोय. बारा संकलकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत पाच स्त्रिया, दोघे वऱ्हाडी बोलणारे. तरी पहिल्या कटमध्ये (पहिल्या कच्च्या जोडणीत) पुण्या-मुंबईचे पुरुषच बोलताहेत असं वाटतं. चूक कुठे?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : माणसं मोजून समाधान मानलंत, सेकंद मोजले नाहीत. टाइमलाइनवर (संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपा ओळीने मांडलेल्या दिसतात, त्या पट्टीवर) प्रत्येकाच्या क्लिपला वेगळा रंग द्या, सगळी टाइमलाइन एका नजरेत मावेल इतकी आवळा. कोणाचा पट्टा लांब, ते लगेच दिसेल. मग कागदावर तीन रकाने आखा: चेहरा किती सेकंद, आवाज किती सेकंद, बोलणं कशाबद्दल. तिसरा रकाना खरी गोम दाखवतो. पुरुष कट कुठे मारला ते सांगतोय आणि बाईला विचारलंय, ‘रात्रपाळी घरी चालायची का?’ तसं असेल तर संकलनाच्या टेबलावर इलाज नाही. पुन्हा जा, तिनेच कापलेला सीन तिच्यासमोर लावा आणि ‘इथेच का कापलं?’ एवढंच विचारा.

दुसरं कारण बहुतेक आवाजाचं असणार. स्टुडिओतल्या मुलाखती स्वच्छ येतात. मे महिन्यात घरी घेतलेल्या, बहुधा बायकांच्या, मुलाखतीत कूलर घरघरतो. मधलं वाक्य काढलं की घरघरही तुटते, जोड कानाला खटकतो आणि संकलक वैतागून ती क्लिपच टाळतो. त्याच मुलाखतीत बाई गप्प असतानाची चार-पाच सेकंदांची सलग घरघर शोधा, वेगळ्या ट्रॅकवर जोडाखाली पसरा, दोन्ही टोकांना पाच-सहा फ्रेमचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज विरत असतानाच दुसरा चढतो. नॉइज रिडक्शन (सॉफ्टवेअरने घरघर कमी करणं) बेतानेच. जास्त ओढलं तर बाई पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटते. पुढच्या वेळी कूलर बंद करून दहा-दहा मिनिटांचे तुकडे घ्या (नागपुरात त्याहून जास्त कोणी टिकत नाही) आणि शेवटी ३० सेकंद रूम टोन, म्हणजे कोणी न बोलता खोलीचा नुसता आवाज.

प्रश्न : वऱ्हाडी बोलणाऱ्यांखाली मराठी सबटायटल टाकावेत का?

उत्तर : फक्त त्यांच्याखाली? मुळीच नाही, त्यांचं मराठी मराठीच आहे. टाकायचे तर सगळ्यांखाली टाका आणि ‘कापून राह्यलो होतो’चं ‘कापत होतो’ करू नका. दोनपेक्षा जास्त ओळी नकोत.

प्रश्न : इतिहासाच्या भागात सगळे हॉलिवूडचे पुरुषच येताहेत. दुसरं कोण घ्यावं?

उत्तर : गंमत म्हणजे मूकपटांच्या काळात हॉलिवूडमध्ये फिल्म कापण्या-जोडण्याचं काम पुष्कळ बायकाच करत. ॲन बाउचेन्सला १९४०च्या चित्रपटासाठी संकलनाचं ऑस्कर मिळालं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. आपल्याकडे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या संकलक रेणू सलुजा, ‘परिंदा’साठी राष्ट्रीय पुरस्कार.

पण एकच दृश्य घेता येणार असेल, तर १९२९च्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ या सोव्हिएत मूकपटातली एलिझावेता स्विलोवा घ्या. ती त्याच चित्रपटाची संकलक, टेबलाशी बसून फिल्मच्या पट्ट्या निवडताना दिसते. तिच्या पट्टीतला मुलाचा चेहरा आधी थिजलेला असतो, पुढच्याच शॉटमध्ये तो हलायला लागतो. संकलन म्हणजे काय ते तिथे न बोलता कळतं, तेव्हा त्यावर निवेदन चढवू नका.