पॅन्क्रियाटायटिस झाला की पुढे शुगर आणि कॅन्सर होतोच का?

तुम्ही विचारलंय, वडिलांना पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, झालेला, आता शुगर निघाली, तर संबंध आहे का. आहे. पण "वडील पीत नाहीत तरी पाहुणे संशय घेतात" हे वाचलं आणि लिहायलाच बसलो.

आमचं गाव खानापूरजवळ. धाकटा भाऊ तेवीस वर्षांचा, चहाशिवाय व्यसन नाही. जेवला की वरच्या पोटात कळ, ती थेट पाठीत. उताणं झोपवायचं नाही, गुडघ्यावर बसून उशी पोटाशी आवळून कपाळ फरशीला टेकलं की जरा उतार पडायचा. वर्षभर आम्ही गॅस म्हणून ओवा आणि सोडा देत बसलो. शेवटी बेळगावला नेलं, रक्तात लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम, नेहमीच्या तिपटीच्या वर, सीटीत स्वादुपिंडभर पांढरे खडे, मीठ सांडल्यासारखे. डॉक्टरांनी आईसमोर विचारलं, "किती पितोस?" किती! आत्याचे यजमान, आमचे मामा, वास्तुशांतीच्या पंगतीत सांगत फिरले, गोव्याला कामाला होता की, तिथंच लागली असणार. पोरगं बेकरीत पाव भाजत होतं हो.

अहो, पित्ताचे खडे, हजारावर गेलेले ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, जनुकातला दोष, कशानंही होतं हे. दक्षिण भारतात न पिणाऱ्या तरुण पोरांत स्वादुपिंडातच खडे होणारा प्रकार इतका दिसला की त्याला ट्रॉपिकल पॅन्क्रियाटायटिस असं नावच पडलं. एकदा सूज आली म्हणजे कायमचं दुखणं लागलंच असं नाही, पण परत परत आली की ग्रंथी सुकत जाते, पाचकरस आटतो, शौचाला तेलकट होतं आणि ते तरंगतं, मग इन्सुलिनच्या पेशी जातात आणि शुगर लागते. ही टाइप ३सी, नेहमीची टाइप २ नव्हे, यात शुगर एकदम खालीही घसरते. भाऊ आता इन्सुलिन घेतो, आणि जेवताना एन्झाइमची कॅप्सूल.

गेल्या पावसाळ्यात मामांनाच हा झटका आला, पित्ताच्या खड्यानं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "किती पिता?" मी कॉटशेजारीच उभा होतो, काय बोललो नाही.

कॅन्सरचं राहिलंच. जुनाट सुजेत धोका वाढतो, पण बहुतेकांना होत नाही. उलटं मात्र लक्षात ठेवा, कधी कॅन्सरमुळंच शुगर निघते, म्हणून वयस्कर माणसाला नवी शुगर आणि वजनही उतरायलंय, तर स्कॅनबद्दल विचारा. वडिलांचं वय तुम्ही लिहिलंच नाही.

आणि मी डॉक्टर नाही, किराणा दुकान आहे माझं. दारू मोठं कारण आहेच, नाही म्हणत नाही. वडील विडी ओढत असतील तर तीही बंद करा, तिनंही हे वाढतं.