ड्रेन बोल्टचे आटे गेले म्हणून आख्खी केस बदलू नका (आणि माझ्यासारखा जाडा बोल्टही मारू नका)

भाऊ, बाइकचं ऑइल बदलून आणलं, दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये काळा ठिपका, ड्रेन बोल्ट (इंजिनाच्या तळाचा, जुनं तेल काढायचा) पान्याने कितीही फिरवला तरी नुसता गोल फिरतोय आणि सर्व्हिसवाले म्हणतात इंजिन केस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, बदलावी लागेल, हे तुमचं वाचलं आणि माझा २०१७ चा श्रावण आठवला. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करायची म्हणून आदल्या रात्रीच त्र्यंबकला गेलो होतो, सकाळी बघतो तर गाडीखाली थाळीएवढा डाग.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही, नाशिकच्या अंबडला कंपनीत नोकरी करतो आणि गाडीचं काम आवडतं म्हणून करतो. तुमची गाडी वेगळी असेल, मापं मॅन्युअलमधूनच घ्या. माझी १०० सीसीची, ड्रेन बोल्ट एम१२ (१२ मिलिमीटर जाडीचा), दीड पिचचा (दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर), १७ चा पाना लागतो.

बोल्ट काढलात तेव्हा त्याच्या आट्यांत चंदेरी तार गुंडाळलेली निघाली का? ती तार म्हणजे तुमच्या केसचे आटे. बोल्ट स्टीलचा, केस ॲल्युमिनियमची, मग कोणीतरी बोल्ट आवळायची गन लावली किंवा पान्याला पाइप घालून लोंबकळलं की केसच जाते. छोट्या गाड्यांना साधारण २५-३० न्यूटन मीटर (आवळायच्या जोराचं माप) पुरे असतं, ते काही फार नाही, आखूड पाना एका हाताने ओढला तरी येतं. माझ्याकडे हे एका सर्व्हिस सेंटरमध्ये झालं, नाव लिहीत नाही. त्यांनी टेफ्लॉन टेप गुंडाळून बोल्ट परत बसवला आणि एक अक्षर सांगितलं नाही. नंतर गेलो तर 'गाडी जुनी झाली साहेब'. म्हटलं जॉब कार्डवर लिहून द्या काय झालं ते, तर मॅनेजर जेवायला गेले ते चार वाजेपर्यंत आलेच नाहीत. तुम्ही अजून तिथेच घासाघीस करत असाल तर लेखी घ्या, नाहीतर वेळ घालवू नका.

आणि केस बदलण्याला एकदम हो म्हणू नका. इंजिन नंबर बहुतेक गाड्यांत त्या केसवरच कोरलेला असतो, म्हणजे नवीन केस आली की आरसीवरच्या नंबरचं, आरटीओतल्या नोंदीचं सगळं झेंगट मागे लागतं. हे मला काउंटरवर कोणी सांगितलं नव्हतं.

आता माझा मूर्खपणा. हेलिकॉइल (भोक मोठं करून, आटे पाडून त्यात बसवायची तारेची कॉइल, तीच बोल्टचे नवे आटे होते) माहीत होतं, पण त्या दिवशी घाई होती आणि एकाने स्वतः आटे पाडत जाणारा जाडा बोल्ट दिला, टोकाला खाच असलेला. दहा मिनिटांत काम झालं, खूश झालो. पण त्या बोल्टला सरळ धरणारं काहीच नसतं हो, तो किंचित तिरका गेला. तिरका गेला की वॉशर एका बाजूलाच टेकतो, म्हणून तेल झिरपायला लागलं. मी काय केलं, अजून पाव चक्कर आवळला. मग आठवड्याने अजून थोडा. तेल अडवतो तो वॉशर, आट्यांचं काम फक्त बोल्ट धरून ठेवायचं, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. तिसऱ्या वेळेला टक् असा बारीक आवाज आला आणि बोल्टच्या भोवतीच्या भागाला बारीक चीर गेली. वरून एमसील लावून पाहिलं, इंजिन तापल्यावर ते खपलीसारखं निघालं. शेवटी इंजिन उतरवलं, पूर्ण खोललं, आर्गॉन वेल्डिंग केलं, तेसुद्धा दोनदा, कारण वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं ॲल्युमिनियम तापवलं की आतून तेल बाहेर येतं आणि वेल्डला भोकं पडतात. गॅस्केट सेट धरून साडेचार हजार गेले. हेच सुरुवातीला सातपूरच्या लेथवाल्याकडे गेलो असतो तर पाचशेच्या आत सुटलो असतो.

तर हेलिकॉइल. टॅप (आटे पाडायचं हत्यार) कसा मारायचा ते सगळं सांगत बसत नाही. पण त्याचा टॅप वेगळा येतो, नेहमीचा एम१२ चालत नाही, ड्रिलही किटमध्ये सांगितलेल्याच मापाचं. गाडी आडवी करून किंवा नीट टांगून करा, खाली झोपून हॅन्ड ड्रिलने नको, परत तिरकंच जाईल. टॅपला ग्रीस फासा म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येतो, अर्धी चक्कर पुढे, मग मागे. चुंबकाने काढू म्हणणाऱ्याला हात जोडा, ॲल्युमिनियम चुंबकाला येत नाही. कॉइलचं खालचं टोक मोडताना लांब पकडीत धरूनच मोडा, आत पडलं तर तेही चुंबकाला येईलच असं नाही, बहुतेक स्टेनलेस असतं. नंतर वरून स्वस्तातलं ऑइल ओतून बोल्ट उघडा ठेवून वाहू द्या, दोनदा. वॉशर नवीन, दर वेळी नवीन, दहा-वीस रुपयांचा आहे तो.

साइड कव्हरच्या एम६ बोल्टचं असं झालं असेल तर लगेच ड्रिल काढू नका. पुष्कळदा भोकात खोलवर चांगले आटे शिल्लक असतात, तारेने खोली मोजून चार-पाच मिलिमीटर लांब बोल्ट लावला की पकडतो, फक्त तळाला टेकता कामा नये. आणि कव्हर खोलताना पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढून ज्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवा, आखूड बोल्ट चुकीच्या भोकात गेला की तीनच आटे पकडतो आणि जातो.

तोपर्यंत गाडी चालवू नका, घराच्या जवळपाससुद्धा. इंजिनात तेल जेमतेम लिटरभर असतं आणि बोल्टमधून गळलेलं सरळ मागच्या टायरवर जातं. टेम्पोत टाकून न्या.

बोल्ट काढून, भोक कापडाने पुसून, टॉर्च मारून एक फोटो टाका. भोकाच्या कडेला चीर आहे का ते बघायचंय, चीर असेल तर हेलिकॉइलचा खर्च करू नका.