गळ्यात गळे एवढ्यात नकोत

तुझी तीन प्रकरणं वाचली. आजी, विधवा सून आणि कुठलीशी पोरकी मुलगी एका छताखाली येतात आणि चौथ्या पानावर एकमेकींच्या होऊन जातात! इतकं सोपं नसतं गं. आधी भांडू दे त्यांना. सोवळ्यावरून, मिठाच्या बरणीवरून, पहाटे पाणी कोणी भरायचं यावरून.

काळ १९०० चा घेतला आहेस, तर धोंडो केशव कर्व्यांचा पुण्याजवळचा हिंगण्याचा विधवाश्रम नीट अभ्यास. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली, तिथं शिकलेली विधवा गोदूबाई पुढे कर्व्यांशी पुनर्विवाह करते. गोदूबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमाच्या वर्गणीसाठी पार अमेरिकेपर्यंत जाते. एका घरातून दुसरं घर असं उभं राहतं. (तुझी नायिका नुसती खिडकीत बसून असते, म्हणून सांगतेय.)

आणि हाका लक्षात ठेव. 'अहो काकू'चं 'अगं काकू' कुठल्या दिवशी झालं, तो प्रसंग तुझ्याकडे हवा. मला तो अजून सापडला नाही. चौथं प्रकरण तिथूनच सुरू करून बघ.