रविवारची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) सोडली तर बाकीचे सहा दिवस ख्रिस्ती म्हणून जगायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मी ठाण्याचा, तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला जातो, फादर वगैरे नाही, साधा नोकरदार माणूस, त्यामुळे जे जमतं तेच सांगतो. बायबलमधलं मत्तय 5:23-24 वाचा, येशू म्हणतो वेदीपाशी दान अर्पण करतोयस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आता आमच्या सोसायटीत पार्किंगवरून शेजाऱ्याशी माझं वर्षभर बोलणं बंद होतं आणि मी दर रविवारी मस्त कम्युनियन (मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद) घेत होतो! शेवटी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, लाज वाटली, गेलो, बेल वाजवली, चहा झाला. पार्किंगचा वाद अजून सुटला नाहीये ती गोष्ट वेगळी.

बाकी सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चिडचिड न करणं हे मला अजूनही जमत नाही, खोटं कशाला बोलू. लेंटचे 40 दिवस लोक मटण सोडतात, चांगलंय, पण कामवाल्या ताईंचा पगार वेळेवर देणं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते असं स्पष्टच लिहिलंय (5:4).