कोर्ट की महापालिका, असं विचारलंस म्हणून

प्रिय ज्युनियर,

केसेस लढवू की धोरणाचं काम करू, असं विचारलंस. माझ्या मते हे दोन वेगळे करूच नकोस, कारण नियम कुठे पाळला जात नाही ते आधी आपल्या अशिलाच्या फाइलीतच दिसतं, सेमिनारमध्ये नंतर.

फेरीवाल्यांचंच घे ना. अतिक्रमणची गाडी येते, हातगाडी उचलते आणि माणूस गोडाऊनच्या चकरा मारत बसतो. २०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो की जप्त मालाची सही केलेली यादी द्यायची, मागणी केली आणि ठरलेलं शुल्क भरलं की नाशवंत माल त्याच दिवशी सोडायचा, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. एकाची गाडी सोडवलीस, छान. पण पुढच्या चौघांकडेही यादी नसेल तर तो काही एका कर्मचाऱ्याचा विसराळूपणा नाही, तिथली पद्धतच ती आहे. म्हणून एक वही ठेव: तारीख, चौक, यादी दिली का, माल कधी परत मिळाला. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाक आणि दोन्ही घेऊन नगर पथविक्रेता समितीतल्या (फेरीवाल्यांचे प्रश्न बघणारी महापालिकेची समिती) प्रतिनिधींना गाठ, कारण कायद्याने तिथे किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्याच आहेत, त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. वहीतली नावं मात्र आधी काढून टाक, हे लोक उद्या परत त्याच चौकात उभे राहणारेत.

आता खरी अडचण. रस्त्यात अडथळा केल्याची केस लागली की भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, जुन्या दंड संहितेच्या कलम २८३ ला तो फक्त दोनशे होता. तरी माणूस म्हणतो, मॅडम-साहेब, कबूल करून टाकतो, तारखेला आलो की धंदा बुडतो. तुला वाटेल लढलं पाहिजे, मुद्दा मोठा आहे, निकाल लागला तर सगळ्यांना उपयोग होईल वगैरे. थांब. कबुली रेकॉर्डवर राहते, पुढच्या वेळी नडू शकते, हे त्याला नीट समजावून सांग आणि मग तो म्हणेल तसं कर. तसंच अधिकारी म्हणाला गाडी न्या, तिच्यासाठी केलेली याचिका मागे घ्या, आणि अशील तयार असेल, तर मागे घे. तुझा मुद्दा गेला, पण पोट त्याचं आहे. वकीलपत्र त्याने स्वतःच्या गाडीसाठी दिलंय, तुझ्या धोरणासाठी नाही, आणि हे विसरणारे हुशार लोक मी बरेच बघितलेत.

पैशाचं म्हणशील तर या कामात सुरुवातीला कमीच. विधी सेवा प्राधिकरणाची २०२२ ची, गरीब आरोपींसाठीच्या बचाव वकिलांची योजना बघ, पूर्णवेळ काम आणि ठरलेलं मानधन असतं, फौजदारी पक्की होते, खासगी प्रॅक्टिस मात्र बंद.

आणि आधी उलटतपासणी शिक. समितीत बोलणारे पुण्यात काही कमी नाहीत.