रेंज पूर्ण दाखवते, तरी संध्याकाळी कॉल का तुटतो?

तुम्ही विचारलंय की राळेगाव तालुक्यातल्या तुमच्या गावात फोनवर काड्या पूर्ण दिसतात, तरी कॉल तुटतो, पेमेंट अडकतं. आणि नेटवर्कच्या गुणवत्तेवर कंपन्या अन् विद्यापीठं मिळून जे संशोधन करतात, त्यातलं गावापर्यंत काय आलं? मी यवतमाळ जिल्ह्यातच पोरांना दूरसंचार शिकवतो. वर्गातही हा प्रश्न दरवर्षी येतोच.

काड्या एवढंच सांगतात, की टॉवर तुम्हाला ऐकू येतोय. टॉवर कित्येक वॅटनं बोलतो, तुमचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटनं. देवळाचा भोंगा शिवारात ऐकू आला म्हणून शिवारातली हाक देवळात पोचत नाही. तुम्हाला समोरच्याचं सगळं ऐकू येतंय अन् तोच "हॅलो, हॅलो" करतोय, तर बहुधा दुखणं हेच.

संध्याकाळचं दुखणं मात्र गर्दीचं. पेरणी तोंडावर आली की कृषी केंद्राच्या काउंटरवर बघा: सरकीची पाकिटं बाजूला काढलेली, क्यूआर स्कॅन झालेला, पिन टाकलेला, आणि स्क्रीनवर चाक फिरतंय. मागचा विचारतो, "काहून बे, गेले का नाही पैसे?" त्या व्यवहाराचा डेटा अगदी थोडा, पण तो गावभरच्या रील्ससोबत एकाच रांगेत उभा. ४जीमध्ये साध्या कॉलची रांग वेगळी असते. तिथे विलंबाची मर्यादा १०० मिलिसेकंद आणि जागा राखीव. साधारण इंटरनेटला ३०० मिलिसेकंद, तेही हमीशिवाय. व्हॉट्सॲप कॉल याच दुसऱ्या रांगेत येतो. म्हणून गर्दीच्या वेळी साधाच कॉल लावा.

आता संशोधन. एकाच कंपनीच्या हद्दीत रांगा लावणं जमतं. डेटा दुसऱ्याच्या हद्दीत शिरला की तिथे त्याला प्राधान्य कोण देणार आणि पैसे कोण भरणार? १९९८ मध्ये आयईटीएफनं, म्हणजे इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं, डिफसर्व्ह मांडलं, म्हणजे डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर त्याच्या वर्गाची खूण. मग युरोपीय आयोगाच्या पैशावर टेकिला, अक्विला, काडेनस असे प्रकल्प झाले. त्यांत टेलिफोन कंपन्या, यंत्रं बनवणारे आणि विद्यापीठं एकत्र बसले आणि सेवेचे करार यंत्रांनी कसे पाळायचे, यावर चांगलं काम झालं. पण खुल्या इंटरनेटवर कंपनी ते कंपनी अशी हमी काही रुजली नाही. माझ्या मते तंत्र कमी पडलं नाही, हिशेब जुळला नाही.

आपल्या कामाची गोष्ट नंतर घडली, आणि ती इथली आहे. ५जीच्या चाचण्यांसाठी जगानं जे 'ग्रामीण' गृहीत धरलं होतं, त्यात दोन टॉवरमधलं अंतर होतं १७३२ मीटर. आपल्याकडे शेतशिवारात एवढ्या जवळ टॉवर कोण उभा करतो! टीएसडीएसआय या भारतीय मानक संस्थेत आयआयटी आणि कंपन्यांनी मिळून ६ किलोमीटर अंतराची, सावकाश फिरणाऱ्या वापरकर्त्यांची चाचणी मांडली, आणि २०१७ मध्ये आयटीयूनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेनं, ती आपल्या निकषांत घेतली. फोनचा क्षीण आवाज टॉवरपर्यंत नेण्याची सुधारणाही याच मंडळींनी लावून धरली. ती तुमच्या गावात दिसेल का, हे कंपनीच्या यंत्रावर आणि तुमच्या हँडसेटवर अवलंबून.

नियमांचंही ऐका. कंपनीचे कॉल किती तुटतात, याची सरासरी पूर्वी अख्ख्या सर्कलची, म्हणजे दूरसंचाराच्या एका विभागाची, निघायची. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो, मुंबई येत नाही. म्हणजे पुणे आणि आपलं झरी जामणी एकाच सरासरीत. ही लपवाछपवी ओळखूनच ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, २०१७ मध्ये सेलनिहाय (सेल म्हणजे टॉवरच्या एकेका अँटेनाचा टापू) मोजणी आणली: किमान ९० टक्के सेलमध्ये ९० टक्के दिवस कॉल तुटण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत हवं होतं. २०२४ मध्ये त्या नियमांच्या जागी नवे आले. २०१७ची सुधारणा खरी, पण उरलेल्या १० टक्क्यांत आपलं गाव बसलं तरी या निकषात कंपनी पास व्हायची!

तक्रार करताना "रेंज नाही" लिहू नका, कारण रेंज आहे. वार, वेळ, जागा, साधा कॉल की इंटरनेट आणि कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं, एवढं लिहा. ट्राय एकेकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून डॉकेट नंबर घ्या, समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जा.